अकरा ते सहा ठिपके : अंधेरी, शिरोडा, मालपे

सगळं सुरू झालं ते लेकाच्या नववीच्या प्रकल्पामुळे. विषय : ‘निसर्गातील भौमितिक आकृत्या’. पठ्ठ्याने अर्ध्या तासात नेटवरून चाळीस फोटो उतरवले, पोळं, सूर्यफूल, हिमकण, शंख, आणि मोकळा झाला. बाईंनी वही परत दिली. शेरा होता, ‘यातलं तू स्वतः काय पाहिलंस?’

बाईंचे आभार मानायला हवेत, कारण नाहीतर प्रजासत्ताक दिनाला जोडून आम्ही नेहमीसारखे महाबळेश्वरला गेलो असतो. त्याऐवजी घराजवळची गिल्बर्ट हिल ही टेकडी, सिंधुदुर्गातलं शिरोडा आणि कर्नाटकातलं मालपे इथल्या आकृत्या स्वतः बघायला मी, नवरा, लेक आणि आई, असे चौघं निघालो. आई म्हणजे माझी आई. अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं रोज सकाळी दारात रांगोळी काढली. या प्रवासात तिचा काही उपयोग होईल असं आम्हा कोणालाच वाटलं नव्हतं. तिला एकटीला कुठे ठेवायचं, एवढ्याच विचाराने तिला बरोबर घेतलं होतं. हे तिला माहीत आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

पहिला दिवस : घरामागचा डोंगर

अंधेरी पश्चिमेला आम्ही अकरा वर्षं राहतोय. गिल्बर्ट हिल घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. एकदाही गेलो नव्हतो. शिरोड्याला निघायच्या आधी पहाटे तिथे जायचं ठरलं, म्हणजे लेकाच्या वहीत पहिली नोंद घरचीच.

भवन्स कॉलेजच्या बाजूने गल्ल्यांतून आत गेलं की इमारती आणि झोपड्या यांच्या मधून अचानक एक काळी भिंत उभी राहते. सुमारे ६१ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. दुरून नुसता कडा वाटतो. जवळ गेल्यावर दिसतं की तो कडा अखंड नाही. एकाला एक चिकटून उभे असलेले खांब आहेत, मोठ्या देवळातल्या समयांच्या वाती एकत्र बांधाव्यात तसे. खडकात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ, थोडी झाडं, आणि चारी बाजूंना अंधेरी. सकाळी साडेसहाला वर फक्त आम्ही आणि दोन आजोबा होते. ते रोज येतात. त्यातल्या एकांनी सांगितलं, “आमच्या लहानपणी हे खालून सगळं मोकळं दिसायचं. आता डोंगर शोधावा लागतो.”

१९५२ साली या टेकडीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये महापालिकेने दुसऱ्या श्रेणीची वारसा वास्तू ठरवली. कागदावर एवढं सगळं असूनही पायथ्यापर्यंत घरं भिडली आहेत. ‘असे खांब जगात फक्त दोन-तीन ठिकाणी’ हे वाक्य मात्र जिथे तिथे वाचायला मिळतं, त्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर आयर्लंडच्या एका किनाऱ्यावर असे सुमारे चाळीस हजार खांब आहेत आणि इतरही अनेक देशांत आहेत. मुंबईच्या मधोमध वीस मजली उंचीचा एकच सुळका उरलाय, तेवढं पुरे नाही का?

हे होतं कसं ते नवऱ्याने सांगितलं. तो बांधकामातला माणूस, त्यामुळे त्याला लाव्हा म्हणजे स्लॅबच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थर जाड, वरून आणि खालून थंड होत आलेला. थंड झाला की दगड आकसतो, पण थर एवढा लांबरुंद की आकसायला जागाच नाही. मग ताण बसून तो फुटतो. “प्लॅस्टरला तडे जातात ना, तेच. फक्त इथे तडा पृष्ठभागावर थांबत नाही. आतला दगड जसजसा निवतो तसतसा तडा खाली खाली उतरतो. म्हणून नुसती जाळी न होता खांब होतात.” सावकाश निवलं तर खांब जाड, भराभर निवलं तर बारीक.

“पण सहाच बाजू का?” लेकाचा प्रश्न. नवरा १२० अंश, तीन तडे, सर्वांत कमी श्रमात सर्वांत जास्त ताण मोकळा, असं काहीतरी सांगू लागला. लेकाच्या चेहऱ्यावर ओळखीचा कोरेपणा आला.

तेव्हा आईने पर्समधून पेन काढलं आणि प्रसादाच्या पुडीच्या कागदावर ठिपके मारले. मधल्या ओळीत अकरा, वर-खाली दहा, मग नऊ, आठ, सात, सहा. “अकरा ते सहा. बाहेरून बघ काय झालं.”

षट्कोन झाला होता. दर बाजूला सहा ठिपके, एकूण ९१. माझ्या जन्मापासून मी हिला ‘अकरा ते सहा’, ‘पंधरा ते आठ’ म्हणताना ऐकलंय. तो षट्कोन असतो हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. “एका ठिपक्याला शेजारी किती? सहा. ठिपके असे एकाआड एक सरकवून मांडले की सहाच शेजारी बसतात. आता प्रत्येक ठिपका म्हणजे एका खांबाचा मध्य धर, आणि शेजाऱ्याबरोबर हद्द आखून घे.” लेकाने हद्दी आखल्या. पोळं तयार.

*जाणार असाल तर :* सकाळी लवकर जा. ऊन चढलं की काळा दगड तापतो आणि गल्लीत गाडी वळवायलाही जागा राहत नाही. रिक्षानेच जाणं बरं. पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर कठड्याच्या बाजूने. खांब वरून दिसत नाहीत, ते खालच्या गल्लीतून मान वर करून बघायचे.

साडेआठला गाडी काढली ती रात्री साडेनऊला शिरोड्यात थांबली. मधल्या तेरा तासांबद्दल मुंबई-गोवा महामार्गावरून गेलेल्या कोणालाही काही सांगायची गरज नाही आणि न गेलेल्याला सांगून पटणार नाही.

दुसरा दिवस : गोळ्या आणि दाणे

घरगुती मुक्काम होता. सकाळी घावणे, नारळाची चटणी आणि गूळ घातलेला काळा चहा. काकूंनी विचारलं काय बघायला आलात, तर लेक म्हणाला, “षट्कोन.” त्यांनी शांतपणे अजून एक घावण वाढलं.

वेळागरच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली. वाळू ओली, चापूनचोपून बसलेली, आणि तिच्यावर जिकडे बघावं तिकडे मोहरीपासून मटारापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या गोळ्या. आधी वाटलं कोणीतरी साबुदाणा सांडलाय. मग आकृती दिसू लागली. मध्ये करंगळी जाईल एवढं भोक, आणि तिथून बाहेर चहूबाजूंनी गोळ्यांच्या रांगा, सूर्याची किरणं काढतात तशा. एका सूर्याला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. काही पूर्ण, काही अर्धेच.

हे करणारे खेकडे नखाएवढे असतात आणि वाळूच्याच रंगाचे. आपण चाललो की सगळा किनारा एका क्षणात भोकात गुडुप. म्हणून आम्ही चौघं वाळूत पुतळ्यासारखे बसलो. आईने तर चक्क फतकल मारली. साधारण पाच मिनिटांनी एक डोकावला. भोकातून बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात भरू लागला, जसं आपण गरम भात घाईने खातो. वाळूत असलेलं सूक्ष्म खाणं तो चाळून घेतो आणि उरलेली वाळू तोंडापाशीच गोळा होत जाते. गोळा पुरेसा मोठा झाला की पायाने तोडून मागे टाकतो. एक पाऊल पुढे. पुन्हा तेच. त्याची एक वाट भोकापर्यंत कायम मोकळी असते, त्या वाटेवर तो गोळी पडू देत नाही. संकट आलं की पळायला रस्ता हवा ना! एक किरण चाळून झाला की भोकाकडे परत, आणि शेजारचा किरण सुरू.

म्हणजे सूर्य काढायचा हे त्याच्या गावीही नाही. त्याला फक्त घरापासून फार लांब जायचं नाही आणि चाळलेली वाळू पुन्हा चाळायची नाही. आई म्हणाली, “म्हणजे माझंच. देवघर ते ओटा, ओटा ते देवघर. वरून बघितलं तर कमळ दिसत असेल.”

अकराच्या सुमाराला भरती आली आणि शेकडो सूर्य दहा मिनिटांत सपाट. लेकाने वहीत चार काढून घेतले होते, पण मोजायचे राहिलेच.

दुपारी जेवायला बांगडा, तिरफळं घातलेली आमटी, सोलकढी. काकूंची सोलकढी इतकी चांगली होती की नवऱ्याने चौथा पेला मागताना मान खाली घातली. नंतर आरवलीच्या वेतोबाला जाऊन आलो. त्याला नवसाच्या चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. लेकाला खांबांपेक्षा त्या जास्त आवडल्या हे प्रामाणिकपणे नोंदवते.

उन्हं कलल्यावर मिठागरं. १९३० च्या सत्याग्रहामुळे शिरोड्याच्या मिठागरांचं नाव इतिहासात आहे. आज तिथे काम करणारी माणसं मोजकीच. हंगाम नुकता सुरू झाला होता. चौकोनी वाफे, मधून बांध, वाफ्यांत वेगवेगळ्या रंगांचं पाणी : आधीच्या वाफ्यात हिरवट, पुढे गढूळ गुलाबी, शेवटच्यात जवळजवळ पांढरं. खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत घट्ट करत नेतात. एका रिकाम्या वाफ्याच्या तळाशी चिखल वाळून भेगाळला होता. लेक धावत गेला आणि हिरमुसून परत आला. “हे षट्कोन नाहीत. चौकोनच आहेत बहुतेक.”

बरोबर होतं त्याचं. चिखलात एक भेग आधी जाते, दुसरी मागून येते आणि पहिलीला काटकोनात येऊन अडकते. इंग्रजी टी अक्षरासारखी जोडणी. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळला तर जुन्या भेगांचे कोपरे हळूहळू सरकतात आणि तीन समान फाटे होऊ लागतात. हे मला घरी आल्यावर कळलं. त्या वेळी नवऱ्याने “क्युअरिंग नीट झालं नाही” एवढंच सांगितलं.

तिथे एक बाई फावड्यासारख्या लांब दांड्याच्या लाकडी अवजाराने मीठ ओढत होत्या. आम्ही काय बघतोय ते त्यांना कळेना. लेकाने सांगितल्यावर हसल्या, वाफ्याच्या कडेला बसल्या आणि पाण्यावर तरंगणारा एक पापुद्रा अलगद तळहातावर घेतला. “ह्यां बघ.”

तो पापुद्रा नव्हता. पाण्यावर तरंगणारे मिठाचे सुटे स्फटिक होते, प्रत्येक ज्वारीच्या दाण्याएवढा. मी मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेला. चौरस तोंडाची, आत आत उतरत जाणारी, पायऱ्यापायऱ्यांची पोकळ उलटी पिरॅमिड. हुबेहूब बारव. लोकांनी शंभर माणसं लावून खोदावी तशी, आणि इथे ती तळहातावर आठ-दहा एकदम.

हे कसं घडतं त्याची गंमत अशी : मिठाचे कण मुळातच घनाकार रचले जातात, घरातला जाड मिठाचा खडा भिंगाखाली धरलात तरी चौकोनी कोपरे दिसतील. पण पाण्याच्या पृष्ठभागावर जन्मलेला दाणा स्वतःच्या वजनाने जरासा बुडतो. मग त्याच्या वरच्या कडांवरच नवं मीठ बसतं, कारण वाफ होऊन पाणी तिथेच घट्ट होतंय. पुन्हा जरा बुडतो, पुन्हा वर एक मोठी चौकट. दर चौकट ही एक पायरी. शेवटी जड होऊन तळाशी जातो किंवा वाऱ्याच्या झुळकीने उलटतो, आणि तिथे साधा खडा बनतो. बाईंनी हात झटकला तेव्हा माझ्या पोटात चर्र झालं. त्यांनी विचारलं, “आणि होयी?” आणि परत पाण्यात हात घातला.

*मिठागरं बघायची असतील तर* बांधावरून चाला, वाफ्यात पाय घालू नका. एका पावलाने दोन दिवसांचं काम गढूळ होतं. काम करणाऱ्यांना आधी विचारा. आणि पायाला कुठे खरचटलेलं असेल तर ते आधी झाका. मी झाकलं नव्हतं.

तिसरा दिवस : अननस

शिरोडा ते मालपे, गोवा ओलांडून कारवार, अंकोला, कुमटा, होन्नावर. रस्ता शिरोड्यापर्यंतच्या रस्त्यापेक्षा कितीतरी बरा. मरवंते नावाच्या गावी तर एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मध्ये फक्त रस्ता. थांबू नका असं मनाला कितीही बजावलं तरी थांबायला होतंच.

होन्नावरच्या पुढे एका अननसवाल्यापाशी थांबलो. त्याला कन्नड, आम्हाला मराठी, व्यवहार हिंदीच्या दोन शब्दांत. तो सोलू लागला तसा लेक ओरडला, “थांबा!” अननसाचे डोळे काढताना विक्रेते सरळ कापत नाहीत, तिरक्या चरांत कापतात, कारण डोळे तिरक्या ओळींतच असतात. आम्ही न सोललेला एक विकत घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून पेनाने ओळी रंगवल्या. डावीकडे चढणाऱ्या आठ. उजवीकडे चढणाऱ्या, जास्त उभ्या, तेरा. अननसवाला, त्याची बायको आणि एक ट्रकवाला बघायला उभे राहिले. ट्रकवाल्याने त्याच्या हातातल्या अननसावर बोट फिरवत मोजून बघितलं आणि “हां, आठ” म्हणून दुजोरा दिला.

लेकाला हे फिबोनाची म्हणून माहीत होतं : १, २, ३, ५, ८, १३, दर आकडा आधीच्या दोघांची बेरीज. आई मागच्या सीटवर अननसाची फोड खात होती. ती म्हणाली, “हे तर मात्रांचं गणित आहे.”

शाळेत लघु-गुरू सगळ्यांनीच केलंय. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येते? दोन गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू, चार लघु. पाच प्रकार. पाच मात्रांचे आठ प्रकार. सहाचे तेरा. का? शेवटचं अक्षर लघु असेल तर उरलेली एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून आधीच्या दोन आकड्यांची बेरीज. हेमचंद्राने हे ११५० च्या सुमाराला मांडलं. इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. “आम्ही हे मुलांना कधी सांगितलं नाही,” आई म्हणाली. “नुसते यमाताराजभानसलगा पाठ करून घेतले.” आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

अननसाला छंदःशास्त्र येत नाही, हे खेकड्याइतकंच खरं. नवा डोळा उगवताना आधीच्यांपासून जास्तीत जास्त मोकळी जागा शोधतो आणि दर वेळी साधारण १३७ अंश वळून बसतो, त्यातून या ओळी आपोआप पडतात. पण दोन्हीकडे नव्याचा हिशोब मागच्या दोघांवर चालतो, एवढं साम्य मला त्या दिवसासाठी पुष्कळ होतं. तो अननस आंबट निघाला.

संध्याकाळी चार वाजता मालप्याला पोचलो आणि धक्क्यावर कळलं की वारा वाढल्याने, असेच खांब असलेल्या सेंट मेरी बेटांवर जाणाऱ्या बोटी दुपारपासून बंद. “उद्या या.” उद्याचा दिवस हाताशी होता म्हणून बरं, एका दिवसात सेंट मेरी करून परतायचा बेत कृपया आखू नका. उडुपीत जाऊन मसाला डोसा आणि गडबड आइस्क्रीम खाल्लं. गडबड म्हणजे उंच पेल्यात तीन प्रकारचं आइस्क्रीम, जेली, फळं, सुकामेवा एकावर एक. लेकाने त्याचा उभा छेद वहीत काढला, ‘गाळाचे थर’ असं शीर्षक देऊन.

चौथा दिवस : पन्नास खांब

पहिल्या बोटीने निघालो. बेट किनाऱ्यापासून सहा किलोमीटरच्या आसपास, अर्धा तास लागतो. बोटीवर दोरखंड सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ खारवी निघाले, घरी कोकणी बोलणारे. “तुमी खंयचे?” या एका प्रश्नावर आईची आणि त्यांची जी गट्टी जमली ती उतरेपर्यंत. नीर डोसा आणि घावण एकच की वेगळे, यावर दोघांचं एकमत झालं नाही.

वास्को द गामा १४९८ मध्ये इथे उतरला आणि त्याने मेरीच्या नावाने क्रूस रोवला, त्यावरून बेटांचं नाव पडलं असं सांगतात. आमच्या खारवी आजोबांचं मत : “तो येण्याआधी बेटाला नाव नव्हतं काय?”

नारळांचं छोटंसं बेट. वाळूऐवजी बराचसा किनारा शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचा, अनवाणी चाललं की टोचतो. आणि मग ते खांब. गिल्बर्ट हिलला मान वर करून बघावे लागतात, इथे त्यांच्या डोक्यांवर चालता येतं. काही माणसाच्या तिप्पट उंच उभे, काही मोडून पडलेले, आणि पाण्याच्या रेषेपाशी नुसती सपाट डोकी, जणू कोणी फरसबंदी करून ठेवलीय. भरतीचं पाणी फटींतून आत येतं आणि परत जाताना हद्दी चमकतात. ठिपक्यांच्या कागदावरची रांगोळी मोठी करून समुद्रात मांडलेली.

हा दगड अंधेरीच्या दगडाचा भाऊ नव्हे, दोन कोटी वर्षांहून थोरला. सर्रास बेसाल्ट म्हणतात, पण यात सिलिका जास्त, रंगही फिकट. अभ्यासक त्याला रायोडेसाइट म्हणतात. दख्खनच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटत होते, त्या उलथापालथीतला हा लाव्हा. त्याच काळातला लाव्हा मादागास्करमध्येही आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक जाहीर केलंय. लेक पश्चिमेकडे तोंड करून म्हणाला, “म्हणजे इकडे समोर मादागास्कर चिकटलेलं होतं?” हो बाबा. आता त्याच्या आधी बराच समुद्र आहे.

मग मोजणी. मी म्हटलं पन्नास तरी मोज, नाहीतर बाई पुन्हा शेरा मारतील. आई नारळाखाली वही घेऊन बसली, लेक एकेका खांबावर उभा राहून ओरडायचा, “सहा! पाच! पाच! सहा! सात!” आई उभ्या रेघा मारायची, पाचवी आडवी. शेवटी बेरीज अशी : सहा बाजूंचे २१, पाच बाजूंचे १९, सात बाजूंचे ७, चार बाजूंचे ३. सरासरी ५.६४.

लेक नाराज. “म्हणजे अर्धेसुद्धा षट्कोन नाहीत. मी षट्कोन म्हणून लिहिलंय.”

“मग खोड,” आई म्हणाली.

मला वाटतं इथेच आमचा प्रवास वसूल झाला. नेटवरच्या चाळीस फोटोंत प्रत्येक खांब षट्कोनी होता, कारण फोटो काढणारा तेवढेच निवडतो. आईने कारण दिलं तेही मला पटलं. लहानपणी आमच्याकडे ठिपक्यांचा कागद असायचा. वर्तमानपत्राची घडी करून पेटत्या उदबत्तीने अंतरं मोजून भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली नेमके ठिपके. “कागद असला तर सगळी फुलं सहा पाकळ्यांची. कागद नसला, हाताने ठिपके दिले, एखादा हुकला, की एक फूल पाच पाकळ्यांचं होतं आणि त्याच्या शेजारचं सातचं. कुठेतरी कमी झालं की कुठेतरी वाढतंच. लाव्ह्याकडे कागद कुठून असणार?”

नवऱ्याने दुजोरा दिला : प्रत्येक कोपऱ्यावर तीनच तडे मिळत असतील तर मोठ्या जाळीची सरासरी सहाच यायला हवी, एकेक खांब काही का असेना. मिठागराच्या चिखलासारख्या काटकोनी जोडण्या मधेमधे असतील तर ती खाली येते, चारकडे सरकते. म्हणजे आमचं ५.६४ हे सहाकडे निघालेलं, पण पूर्ण न पोचलेलं. लेकाने ‘षट्कोन’ खोडून ‘बहुभुज’ लिहिलं आणि कंसात ‘सरासरी जवळजवळ सहा’.

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक जण सेल्फीसाठी दोरीपलीकडच्या खांबांवर गेला होता. जीवरक्षक उगाच शिट्ट्या मारत नाहीत. शेवाळलेल्या खांबाचं डोकं साबणासारखं असतं आणि खाली लाटा.

*मालप्यासाठी :* पावसाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, बोटी बंद असतात. इतर वेळीही दुपारच्या वाऱ्याचा भरवसा नाही, सकाळची पहिली बोट गाठा. बेटावर राहता येत नाही आणि थांबायचा वेळ मोजका असतो. पाणी, टोपी, आणि तळ जाड असलेल्या पट्ट्याच्या चपला न्या. ओहोटी असेल तर जास्त डोकी उघडी पडतात, म्हणून वेळापत्रक बघून जा. शंख-शिंपले आणि दगड उचलून आणू नका.

परतताना खारवी आजोबांनी आईला विचारलं, मोजून झाले का सगळे? ती म्हणाली, पन्नास. ते म्हणाले, “उरलेले?”

परतीचे दोन दिवस आणि नंतर

परतीबद्दल एवढंच, की कोल्हापुरात मुक्काम करून आलो आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपला.

घरी आल्यावर लेकाने कॉर्नफ्लॉवरचा प्रयोग केला. हा कोणालाही जमेल : काचेच्या वाडग्यात कॉर्नफ्लॉवर आणि पाणी सारख्या मापाने, दोन बोटं उंचीचा थर, वर टेबललॅम्प. मिश्रण आकसतं, लाव्ह्यासारखंच, फक्त इथे उष्णतेऐवजी पाणी निघून जातं. दुसऱ्या दिवशी वरून दोन-तीन मोठ्या भेगा पडल्या आणि मग काहीच होईना. आईला दिव्याचं बिल दिसत होतं. सहाव्या दिवशी सुरीच्या टोकाने एक तुकडा उचकटून उलटा केला. खालच्या अंगाला पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक उभे खांब, एकाला एक चिकटून, गिल्बर्ट हिल वाडग्यात.

आईने चष्मा लावला, वही ओढली आणि नवीन पानावर तारीख घातली. “हं, सांग. पहिला?”